आधी काढा, मग विष

एम. फार्म.च्या प्रबंधांसाठी देशभरातल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षं होत आलेला एक प्रयोग आहे. दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाचे विस्टार जातीचे पांढरे उंदीर घेतात आणि त्यांचे पाच-सहा गट पाडतात. एका गटाला नुसतं पाणी देतात. दुसऱ्याला पाण्यानंतर विष, तिसऱ्याला सिलिमरिन नावाचं औषध आणि मग विष, आणि उरलेल्या गटांना ज्या वनस्पतीची परीक्षा करायची तिचा अर्क कमी-जास्त मात्रेत आणि मग विष. गोल टोकाची वाकडी सुई घशातून थेट जठरापर्यंत नेऊन सात दिवस रोज सकाळी अर्क पाजला जातो. शेवटच्या दिवशी विष, म्हणजे बहुतेक वेळा आपलं रोजच्या ओळखीचं पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम या मात्रेत. चोवीस तासांनी रक्त काढून एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन ही यकृताची इजा दाखवणारी द्रव्यं मोजतात. यकृताचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. फक्त विष मिळालेल्या उंदराच्या यकृतात मध्यशिरांभोवतालच्या पेशी मेलेल्या दिसतात. अर्क मिळालेल्या उंदराच्या यकृतात त्यातल्या पुष्कळ शाबूत असतात. ही वनस्पती यकृताचं रक्षण करते, असा निष्कर्ष लिहिला जातो.

या पद्धतीनं तपासलेल्या वनस्पतींची यादी खूप लांब आहे. भुईआवळी, पुनर्नवा, कालमेघ, शेवगा, हळद, आवळा, उन्हाळी, कडुनिंब, गुळवेल यांपैकी जवळपास प्रत्येकीच्या बाजूनं प्राण्यांवरचे प्रयोग उभे आहेत. मग दवाखान्यात पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेनं अत्यवस्थ झालेला रुग्ण आला, की डॉक्टर यांपैकी एकही वनस्पती का वापरत नाहीत? आधुनिक वैद्यकाचा पूर्वग्रह, असं उत्तर पुष्कळजण देतात. खरं उत्तर प्रयोगाच्या मांडणीतच आहे. उंदराला अर्क आधी मिळतो आणि विष नंतर. रुग्णाच्या बाबतीत विष आधीच पोटात गेलेलं असतं.

हा क्रम इतका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी गोळीचं यकृतात काय होतं ते पाहावं लागतं. नेहमीच्या मात्रेतल्या पॅरासिटामॉलचा मोठा हिस्सा यकृत ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून निरुपद्रवी करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. थोडा हिस्सा मात्र सायटोक्रोम पी-450 या विकरांच्या, विशेषतः त्यातल्या 2-ई-1 या विकराच्या हाती लागतो आणि त्यापासून ‘नॅपक्वी’ नावाचा अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो. पेशीतलं ग्लुटाथायोन त्याला जागच्या जागी निष्प्रभ करतं. अतिमात्रा झाली की नॅपक्वी इतका वाढतो, की ग्लुटाथायोन संपत जातं. मोकळा राहिलेला नॅपक्वी पेशीतल्या प्रथिनांना, त्यातही मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांना चिकटतो. पेशीची ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि पेशी मरते. मध्यशिरांभोवतीच्या पेशींत 2-ई-1 जास्त असल्यानं पहिला घाव तिथेच बसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तो मेलेला पट्टा म्हणजे या रसायनशास्त्राचाच नकाशा.

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेनं यकृत निकामी झाल्याच्या घटना 1966 साली स्कॉटलंडमधून पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या. 1973 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जेरी मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लुटाथायोनची ही भूमिका उलगडली. मग उपचाराची दिशाही स्पष्ट झाली: पेशीला ग्लुटाथायोन बनवायचा कच्चा माल वेळेत पुरवायचा. एडिंबरा इथल्या लॉरी प्रेस्कॉट यांनी त्यासाठी एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून द्यायला सुरुवात केली आणि 1979 मध्ये शंभर रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. गोळ्या खाल्ल्यापासून दहा तासांच्या आत उपचार मिळालेल्या 62 जणांपैकी केवळ एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. दहा तासांनंतर उपचार मिळालेल्या 38 जणांपैकी 20 जणांना ती झाली. औषध एकच, फरक फक्त घड्याळाचा.

आता पुन्हा उंदराकडे येऊ. विषाच्या आधी सात दिवस दिलेला अर्क उंदराला अनेक मार्गांनी वाचवू शकतो. तो ग्लुटाथायोनचा साठा वाढवू शकतो, पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करू शकतो. हे खरे आणि मोलाचे गुण आहेत. पण तो आणखी एक गोष्ट करू शकतो. पी-450 विकरांचं काम अडवलं, की पॅरासिटामॉलपासून नॅपक्वी तयारच होत नाही. उंदीर वाचतो, आकडे सुंदर येतात. रुग्ण मात्र सहा तासांनी दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा त्याच्या यकृतात नॅपक्वी तयार होऊन कामालाही लागलेला असतो. त्याला या गुणाचा उपयोग नाही.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर आयुष्य घालवलेले कॅन्सस विद्यापीठातले हार्टमुट येश्के हा मुद्दा अनेक वर्षं लावून धरत आले आहेत. त्यांनी दाखवलेली दुसरी अडचण तर अधिकच डोळे उघडणारी आहे. पाण्यात न विरघळणारे अर्क अनेकदा डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवून देतात आणि हे द्रावक स्वतःच 2-ई-1 विकराला अडवतं. म्हणजे वनस्पतीनं काहीही न करता, नुसत्या द्रावकानं उंदीर वाचू शकतो. मुळात विस्टार उंदीर पॅरासिटामॉलला बऱ्यापैकी दाद न देणारा प्राणी आहे. म्हणून तर त्याला किलोला 2 ग्रॅमपर्यंत मात्रा द्यावी लागते. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर त्या 240 गोळ्या होतात. प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मात्रा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या आहे. लहान जातीच्या उंदरात, म्हणजे माऊसमध्ये, ही इजा माणसाच्या बरीच जवळ जाते. तरीही महाविद्यालयांतून विस्टारच वापरला जातो.

यावरून वनस्पतींत काही दम नाही असं कुणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी घेतलं जाणारं सिलिमरिन मुळात एका काटेरी झाडाचं आहे. भूमध्य समुद्राच्या काठी उगवणाऱ्या जांभळ्या फुलांच्या, पानांवर पांढऱ्या रेषा असलेल्या ‘मिल्क थिसल’च्या बियांपासून ते काढतात. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन संशोधकांनी त्यातला क्रियाशील भाग वेगळा केला. सिलिबिनिन हा त्यातला मुख्य घटक. युरोपात ‘डेथ कॅप’ नावाचं फिकट हिरवट छत्रीचं अळंबं चुकून खाल्लं जातं, तेव्हा याच घटकाचं पाण्यात विरघळणारं रूप शिरेतून देतात. अळंब्यातलं अमॅटॉक्सिन हे विष यकृताच्या पेशीत एका ठरावीक वाहक प्रथिनाच्या दारानं शिरतं. सिलिबिनिन ते दार अडवतं. पेशीतून पित्तात, पित्तातून आतड्यात आणि आतड्यातून पुन्हा यकृतात अशा विषाच्या फेऱ्या चालू असतात, म्हणून अळंबं खाऊन बरेच तास उलटल्यावरही दार अडवण्याला अर्थ उरतो. इथे वनस्पतीचा गुण आणि रुग्णाच्या शरीरातला घटनाक्रम जुळतो. विषबाधेत निम्म्या रुग्णांना औषध न देता तुलना करणं माणुसकीला धरून नसल्यानं पुरावा रुग्णांच्या नोंदींचा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आहे, पण त्यामागचं कारण पक्कं आहे.

तेच सिलिमरिन गोळीच्या रूपात तोंडानं घेतलं की गोष्ट बदलते. आतड्यातून ते फारच कमी शोषलं जातं. 2012 मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. हिपॅटायटिस सी असलेल्या 154 रुग्णांना 24 आठवडे, दिवसातून तीनदा, 420 किंवा 700 मिलिग्रॅम सिलिमरिन किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. ही मात्रा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होती. एसजीपीटीत गटागटांत फरक पडला नाही.

महाराष्ट्रात यकृत म्हटलं की आधी आठवते कावीळ, आणि कावीळ म्हटलं की झाडपाल्याचं औषध. कोकणात, घाटावर, विदर्भात, गावोगावी कुणी ना कुणी मुळी उगाळून देणारा असतो, कुणी गळ्यात माळ बांधतो, कुणी नाकात थेंब टाकतो. लोक बरे होतात, हेही खरंच. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या आठवड्यांत जे दिलं जाईल त्याला यश मिळतं. म्हणूनच इथे तुलनेचा गट लागतो. भुईआवळीच्या वाट्याला तो आला. हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी 1976 चं नोबेल मिळवणारे बारूख ब्लमबर्ग आणि मद्रासचे एस. पी. त्यागराजन यांनी 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की भुईआवळी घेतलेल्या 37 विषाणूवाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, नकली औषध घेतलेल्या 23 पैकी एकाच्या. जगभर खळबळ उडाली. नंतर थायलंडसह इतर ठिकाणी चाचण्या झाल्या आणि हा निकाल पुन्हा मिळाला नाही.

कुटकीची कथा मुंबईच्या अधिक जवळची आहे. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणाऱ्या या कडूजहर मुळीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनं बरीच वर्षं काम केलं आणि तिच्यातून ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा प्रमाणित अर्क तयार केला. आपल्याकडच्या आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधात अर्धा भाग कुटकीचाच असतो. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये, केईएमशी संलग्न सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून निघणाऱ्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. विषाणूजन्य काविळीच्या रुग्णांना दोन आठवडे, दिवसातून तीनदा 375 मिलिग्रॅम कुटकीचं चूर्ण दिलं. बिलिरुबिन 2.5 पर्यंत उतरायला नकली औषधाच्या गटाला सरासरी सुमारे 76 दिवस लागले, कुटकीच्या गटाला सुमारे 27. रुग्ण मात्र होते अवघे 33. एवढ्या छोट्या चाचणीवरून औषध सिद्ध होत नाही, पण मोठी चाचणी करायला हवी हे नक्की सिद्ध होतं. या प्रकरणातल्या सगळ्या वनस्पतींत न्याय्य परीक्षेचा सर्वांत मोठा हक्क कुटकीचा आहे, असं आकडे वाचून वाटतं. तिचे रानातले साठेही खणून खणून घटले आहेत. 1997 पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘सायटिस’ करारानं नियंत्रित आहे.

औषधानं होणाऱ्या यकृताच्या इजेचा प्रश्न भारतात सर्वांत जास्त भिडतो तो क्षयरोगाच्या उपचारात. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत. नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जाचू शकतात. पॅरासिटामॉलची इजा मात्रेवर ठरते. इथे ती बरीचशी माणसावर ठरते. आयसोनियाझिडचं रूपांतर करणारं एनएटी-2 हे विकर काहींच्या शरीरात जन्मतःच मंद असतं आणि त्यांना धोका जास्त असतो. वय, दारू, कुपोषण, आधीची हिपॅटायटिस बी किंवा सी हेही भर घालतात. इजा बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत दिसते.

या रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट उंदरासारखी आहे, आणि म्हणूनच हा विषय सोडून देण्यासारखा नाही. ‘एकेटी’, म्हणजे क्षयाचे उपचार, कोणत्या तारखेला सुरू होणार हे आधी ठाऊक असतं. संरक्षक औषध पहिल्या दिवसापासून देता येतं. इराणमध्ये 2010 साली साठीच्या पुढच्या 60 रुग्णांवर एन-ॲसिटिलसिस्टीनची चाचणी झाली: ते न घेतलेल्या 32 पैकी 12 जणांना यकृताची इजा झाली, घेतलेल्या 28 पैकी एकालाही नाही. सिलिमरिनचे निकाल मात्र एकमेकांना छेदतात. थायलंडमध्ये 55 रुग्णांच्या चाचणीत औषधाच्या गटात एकाला, तर दुसऱ्या गटात नऊ जणांना इजा झाली. चीनमधल्या 568 रुग्णांच्या चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. लहान चाचणीत मोठा लाभ आणि मोठ्या चाचणीत लाभ नाही, हा नमुना वैद्यकात वारंवार दिसतो. तरी एकेटीच्या चिठ्ठीवर लिव्हरच्या टॉनिकची बाटली लिहायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. गरीब घरातला रुग्ण तिच्यासाठी खिशातून पैसे घालतो, आणि लिव्हर सांभाळलं जातंय या भरवशावर मळमळीकडे, पिवळ्या लघवीकडे दुर्लक्ष करतो. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महाग पडते.

आणि गुळवेल? 2008 मध्ये एका भारतीय अभ्यासात क्षयाच्या औषधांबरोबर हळदीचा आणि गुळवेलीचा प्रमाणित अर्क दिला गेला. नुसत्या क्षयाच्या औषधांवर असलेल्या 192 पैकी 27 जणांना यकृताची इजा झाली, अर्कही घेतलेल्या 316 पैकी दोघांना. आकडे ठळक आहेत. त्यानंतर बारा वर्षांनी कोविड आला, घरोघरी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे उकळू लागले, आणि सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांसमोर कावीळ झालेले सहा रुग्ण आले, ज्यांच्या बाबतीत समान धागा गुळवेलीचाच होता. या तज्ज्ञांनी तो अनुभव 2021 मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष नाकारला. तशीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मंत्रालयानं पुढे केली. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांचा अहवाल मांडला. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक कालावधी 46 दिवसांचा होता. अनेकांच्या यकृतात आधीपासूनच काही बिघाड होता, काहींना प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचे आजार होते.

एकच वेल एका अभ्यासात रक्षक आणि दुसऱ्यात आरोपी, यात विसंगती नाही. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानूनच लोक ती पीत होते. ज्याची प्रतिकारशक्ती स्वतःच्या यकृतावर आधीच डोळा ठेवून आहे, त्याच्या बाबतीत तोच गुण घातक ठरू शकतो. विकरांवर, प्रतिकारपेशींवर, वाहक प्रथिनांवर खरोखर काम करणारा पदार्थ सगळ्यांच्या शरीरात सारखंच काम करेल, अशी अपेक्षा कुठल्याही औषधाकडून ठेवता येत नाही.

हळदीनं हे अधिक नेमकं दाखवलं. आमटी-भाजीतल्या चिमटीचा इथे संबंध नाही. प्रश्न आहे कॅप्सूलमधल्या तीव्र अर्काचा. त्यात शोषण वाढावं म्हणून अनेकदा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. औषधजन्य यकृतइजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधक-जाळ्यानं हळदीमुळे इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या सात जणांत एचएलए-बी 35:01 हा जनुकीय प्रकार सापडला. हिरव्या चहाच्या अर्कानं यकृत बिघडलेल्या रुग्णांतही हाच प्रकार वारंवार आढळला आहे. दोन्ही वनस्पती प्राण्यांच्या प्रयोगात यकृतरक्षक म्हणून नावाजलेल्या.

असे धोके आधी तपासण्याचा भार आपल्याकडच्या नियमांनी उचललेला नाही. आयुर्वेदाच्या मान्यताप्राप्त ग्रंथातला जुना योग, म्हणजे औषधाची कृती, ग्रंथात सांगितलेल्याच आजारासाठी बनवायची असेल तर नव्या चाचणीची सक्ती नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. ते योग रचले गेले तेव्हा रुग्ण एका वेळी रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि मधुमेहाची गोळी घेत नव्हता.

दवाखान्यात काय करायचं याबद्दल मात्र संदिग्धता नाही. क्षयाचे उपचार सुरू करण्यापूर्वी यकृताची तपासणी करून घ्यायची, आणि धोका जास्त असलेल्यांनी पहिले दोन महिने ती ठरावीक अंतरानं पुन्हा करायची. भूक गेली, मळमळ-उलटी सुरू झाली, लघवी गडद झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. लक्षणं असताना एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे, किंवा लक्षणं नसतानाही पाचपटीपुढे गेलं, तर डॉक्टर यकृताला जाचणारी औषधं थांबवतात. आकडे उतरले की औषधं एकेक करून परत सुरू होतात, बहुधा रिफॅम्पिसिनपासून, आणि मध्ये मध्ये रक्त तपासलं जातं. बहुतेकांचा उपचार असा पूर्ण होतो. या काळात कुठलाही काढा, चूर्ण, कॅप्सूल किंवा टॉनिक चालू असेल तर तेही बंद ठेवायचं आणि त्याचं वेष्टन बरोबर न्यायचं. कारण रुग्णानं ते सांगितलं नाही, तर दोष विनाकारण क्षयाच्या औषधावर जातो आणि सर्वांत उपयोगी गोळी त्याच्या उपचारातून कायमची वगळली जाऊ शकते.